उशाकडच्या सिस्टर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी उशाकडच्या सिस्टरांचं नाव घेतो. आईवडिलांचं वेगळं घेत नाही, ते धरलेलंच असतं. सिस्टरांचं खरं नाव दवाखान्याच्या मस्टरवर होतं, पण पाड्यांवर, जीपवाल्यांत, बाजारात त्यांना कुणी त्या नावानं ओळखत नसे. ‘उशाकडच्या सिस्टर’ म्हटलं की मोखाड्यापर्यंत कुणीही सांगे, आज त्यांची ड्यूटी आहे की नाही.

मी काम करतो तो दवाखाना एका संस्थेचा, वीस खाटांचा. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना चढ संपला की डाव्या हाताला लागतो. भूल देणं हे भूलतज्ज्ञ डॉक्टरांचं काम. ते नाशिकहून मंगळवारी आणि शुक्रवारी येत. माणसं मात्र मंगळवार-शुक्रवार बघून आजारी पडत नाहीत. बाकीच्या दिवशी छोट्या ऑपरेशनला सर्जन सर औषध आणि मात्रा सांगत, सिस्टर ते टोचत, आणि पेशंट पुरता जागा होईपर्यंत टेबलाच्या उशाशी उभ्या राहत. कागदावर ‘भूल देणारे’ या ओळीपुढे सरांचं नाव लागे. त्याखाली दुसरी ओळ नव्हती. म्हणजे नुसते कागद पाहिले तर अठ्ठावीस वर्षं त्या खोलीत पेशंटच्या डोक्याशी कुणीच उभं नव्हतं.

त्या उंचीनं कमी होत्या. टेबलाशी एक लोखंडी पायरी ठेवून तिच्यावर उभ्या राहत. सरांनी एकदा त्यांच्यासाठी फिरतं स्टूल मागवलं. सिस्टरांनी ते पुसलं, त्याच्यावर सलाइनच्या बाटल्या ठेवल्या आणि पुन्हा पायरीवर चढल्या.

“सिस्टर, बसा की. पाय दुखत नाहीत का?”

“दुखतात. पण बसलं की बोट झोपतं, सर.”

बोट म्हणजे डाव्या हाताचं मधलं बोट. ते पेशंटच्या जबड्याखाली नाडीवर असे. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन दवाखान्यात आलं होतं आणि सिस्टर ते न चुकता लावत. त्याच्यावर विश्वास ठेवा म्हटलं की मात्र म्हणत, “ठेवते की. पण ते मागाहून बोलतं. माणूस बिघडतो आधी, मशीन ओरडतं नंतर. मधल्या वेळात कोण आहे?” मी पुढे पुस्तकात वाचलं, तर मशीन खरंच थोडं मागे असतं. त्यांनी ते पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी त्या कांदा-लसूण खात नसत. व्रत वगैरे काही नव्हतं. “पेशंटचं तोंड माझ्या नाकाखाली असतं. त्याच्या श्वासाला कसला वास येतो ते मला कळायला पाहिजे, माझ्याच भाजीचा नाही,” असं त्यांचं कारण. मास्क असतो ना, असं मी एकदा म्हणालो. “म्हणूनच तर. कांदा आतच कोंडतो,” त्या म्हणाल्या.

झोपलेल्या पेशंटशी त्या बोलत. सगळा वेळ, हळू आवाजात. “आता सर शिवतायत हं. तीन टाके झाले. बाहेर तुझी नणंद बसलीय, तिनं डोकं खाजवून खाजवून केस सोडलेत.”

सर म्हणत, “सिस्टर, झोपलीय ती.”

“म्हणूनच सांगते. जागी असती तर तिनंच बघितलं असतं.”

भूल देताना पेशंटला अंक मोजायला लावायचे, असं आम्ही कॉलेजात शिकलो होतो. सिस्टरांना ते मान्य नव्हतं. “ज्याला वीसच्या पुढं येत नाही तो विसावर थांबणार, आणि तुम्ही म्हणणार झोपला. मग चाकू लागला की उठून बसणार.” त्या पेशंटला घरची वाट सांगायला लावत. घरून निघालास, मग काय लागलं? नाला. मग? आंब्याचं झाड. मग? प्रत्येकाला आपली वाट पाठ असते, आणि ती सांगताना माणूस घाबरायचं विसरतो. आवाज कुठल्या वळणावर जड झाला, जीभ कुठे अडखळली, यावरून त्यांना भूल किती चढली ते कळे.

दाभोशाचा एक काका होता, पायात लोखंडी काटा खोल रुतलेला. तो वाट सांगता सांगता जीपवर आला आणि तापला. “जीपवाला मला मागं लोंबत ठेवतो. मी म्हटला पुढं बसव, माझा पाय दुखतो. तो म्हणतो पुढं मास्तर बसलेत. मी म्हटला...” आणि झोपला. काटा निघाला, पट्टी झाली, सर हात धुऊन निघून गेले. पाऊण तासानं काकानं डोळे उघडले आणि छताकडे बघत म्हणाला, “...मास्तरांचे पाय तर बरे हायत ना?”

सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, “जिथं सोडलं तिथंच धरलं. लिही, पेशंट शुद्धीवर.”

मी त्यांच्या हाताखाली आलो तेव्हा नुकता पास झालो होतो. जामसरकडचा आमचा पाडा, पावसावरची भातशेती, मी आश्रमशाळेत शिकलेला. नाशिकला नर्सिंगची पदवी घेतली. पदवी घेतलेला आमच्या घरात मी पहिला, आणि पाड्यातला पहिला पुरुष नर्स, दवाखान्याच्या भाषेत ब्रदर. गावात विचारत, “म्हणजे डॉक्टर का?” मी नाही म्हणे. “मग बाईचं काम का?” यावर मी बोलणं पावसापाण्यावर नेई. पहिल्या महिन्यात मी पोलीस भरतीचा फॉर्म आणून गादीखाली ठेवला होता.

थिएटरमधला माझा पहिलाच दिवस. जबडा पुढे ओढून धरायचा होता, म्हणजे जीभ मागे पडून श्वास अडत नाही. मी दोन्ही हातांनी पेशंटचं तोंडच दाबून धरलं. सिस्टरांनी मला शांतपणे बाजूला केलं. काम संपल्यावर त्या स्वतः बाहेरच्या बाकावर उताण्या झोपल्या आणि म्हणाल्या, “धर माझा जबडा.”

मी पन्नाशीच्या बाईला हात कसा लावणार? व्हरांड्यात माणसं बघत होती.

“लाजतोस काय रे? मी मेले तर लाजून परत येणार आहे का? कानाखाली बोटं घाल. उचल. दाबू नको, उचल. हां. आता सांग, हवा कुठून चाललीय?”

मी सांगितलं.

“आता सोड थोडं. ऐकलंस, घोरले? घोरणं म्हणजे वाट अर्धी बंद. आवाज थांबला म्हणजे बरं झालं असं नाही. पुरती बंद झाली की घोरणंही थांबतं. शांततेला घाबरायचं.”

त्या बाकावर त्या मला तीन आठवडे रोज दहा मिनिटं जबडा धरू देत. बाह्यरुग्ण विभागातल्या बायका हसत. एक म्हणाली, “सिस्टर, ब्रदर दात काढतो का तुमचं?” सिस्टर पडल्या पडल्या म्हणाल्या, “तुझे काढायला शिकतोय, थांब जरा.” पोलीस भरतीची तारीख निघून गेली ते माझ्या लक्षात आलं नाही.

त्यांना डॉक्टर व्हायचं नव्हतं, हे सांगायला हवं, कारण पुढे काही लोकांनी तसा समज करून घेतला. डॉक्टर खोलीत नसतील तर त्या सिरिंजला हात लावत नसत. एकदा बाहेरून आलेले एक तरुण सर्जन “सिस्टर, झोपवा तोवर,” असं म्हणून फोन घेऊन व्हरांड्यात गेले. सिस्टरांनी भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, वर निर्जंतुक कापड टाकलं आणि पेशंटशी त्याच्या बैलांबद्दल बोलत बसल्या. वीस मिनिटांनी डॉक्टर आत आले.

“अजून जागा आहे हा?”

“तुमची वाट बघतोय, सर. मीही.”

ते चिडले. म्हणाले, तुम्हाला एवढं येतं, मग माझी काय गरज? सिस्टर म्हणाल्या, “येतं म्हणूनच थांबले. ज्याला येत नाही तो थांबत नाही.”

नाशिकचे भूलतज्ज्ञ सर मात्र त्यांना मानत. पुष्कळसं त्यांनीच शिकवलं होतं. पाहुणे आले की ते ओळख करून देत, “या सिस्टर म्हणजे माझी सावली.” सिस्टर हात जोडत आणि पाहुण्यांना सांगत, “सावली मंगळवार-शुक्रवारी असते. बाकीचे दिवस मी.”

परिचारिकांच्या संघटनेची जिल्ह्याला सभा झाली, त्यात मी त्यांच्यासोबत गेलो होतो. मंचावरच्या बाई एकेका विभागाचं नाव घेत होत्या. त्या विभागाच्या परिचारिकांनी उभं राहायचं, टाळ्या घ्यायच्या आणि आपल्यातली एक प्रतिनिधी निवडायची. वॉर्ड झाला, माझं नाव त्यात होतं म्हणून मीही उभा राहिलो. प्रसूती झाली, लसीकरण झालं, उपकेंद्रं झाली. सिस्टर बसूनच. शेवटी सभागृहात उभं न राहिलेल्या त्या एकट्याच उरल्या.

“सिस्टर, तुम्ही कुठल्या विभागाच्या?”

“तुम्ही घेतलं नाही ते नाव.”

“म्हणजे ऑपरेशन थिएटर? ते वॉर्डात धरलंय.”

“वॉर्डात पेशंट नर्सशी बोलतो. मी असते तिथं तो बोलत नाही. त्याचा श्वास मी बघते. त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?”

मंचावर थोडी कुजबुज झाली. मग एक जण म्हणाले, बाई, भूल देणं डॉक्टरांचं काम आहे, नर्सचा तसा विभागच नाही, कायद्यात बसत नाही, आपण नसती मागणी कशी करायची?

सिस्टर म्हणाल्या, “मी मागणी करत नाही. मी कुठं उभी असते ते सांगते. डॉक्टर देतात, मी धरून असते. देणाऱ्याचं लिहिता, धरणाऱ्याचं पण लिहा. एवढंच.”

त्यांना ‘इतर’ मध्ये घातलं. ‘इतर’ मध्ये त्या एकट्याच असल्यामुळे प्रतिनिधीही त्याच निवडल्या गेल्या. परतताना एसटीत मी त्यांचं अभिनंदन केलं. “बिनविरोध आले रे,” त्या म्हणाल्या आणि खिडकीला डोकं टेकून जव्हारपर्यंत झोपल्या.

आता डब्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

भूल देण्याआधी पोट रिकामं पाहिजे. भूल चढल्यावर उलटी झाली तर ती श्वासनळीत जाते आणि माणूस जाऊ शकतो. हे आम्ही आदल्या दिवशी सांगतो, सकाळी पुन्हा विचारतो. पण आमच्याकडे दिवसभरासाठी घराबाहेर पडणारं माणूस नागलीची आंबील घेतल्याशिवाय निघत नाही. डबा, बरणी, शीतपेयाची जुनी बाटली, काहीतरी सोबतच्या माणसाच्या मांडीवर असतंच. ऑपरेशन लांबलं की सोबतच्या माणसाला राहवत नाही. आपल्या सुनेला उपाशी ठेवून आपण कसं प्यायचं? मग दोन घोट तिलाही. त्यात डॉक्टरांना फसवण्याचा हेतू नसतो. उपाशी माणसाला सुरीखाली पाठवणं त्यांना क्रूर वाटतं.

म्हणून सिस्टर पेशंटला नाही, सोबतच्याला गाठत. थिएटरच्या दारात. “डबा दाखव.” झाकण उघडायला लावत, आत बघत, हातात घेऊन वजन बघत. सकाळी किती भरला होता, आता किती आहे, कोण कोण प्यालं.

“सिस्टर, भूक लागली का तुम्हाला?” बायका चिडवत.

“लागली तर मागून पिईन. तू झाकण उघड.”

कागदावर ‘थिएटरच्या दारात पुन्हा विचारले’ अशी ओळ, वेळेसह आणि सहीसह, त्यांनी क्लार्कशी महिनाभर भांडून घालून घेतली होती. एवढी एकच ओळ त्या कागदावर त्यांची म्हणता येईल. पुढे पुढे ते काम त्यांनी माझ्याकडे दिलं.

मला ते जमत नसे. विचारणं जमे, डबा उघडायला लावणं जमत नसे. सिस्टरांनी ते ओळखलं होतं. “कुणाला लाजतोस? तुझ्या आईच्या मांडीवर पण हाच डबा असेल.” मी हो म्हणे. पण कारण नेमकं तेच होतं.

त्या दिवशी मांडीवर मोठं गळू झालेली एक बाई आली. सोबत तिची सासू. साडेआठला घ्यायचं ठरलं होतं. मी आठ वाजता विचारलं, रात्रीपासून काही घेतलं नव्हतं, तसं लिहिलं. मग वीज गेली, जनरेटर चालू होईना, निर्जंतुकीकरणाचं मशीन थांबलं. अकरा वाजून गेले. सासू जामसरकडची निघाली, आमच्या शेजारच्या पाड्याची. तिनं मला ओळखलं आणि व्हरांड्यातल्या सगळ्यांना सांगत सुटली, “हा आमचेकडचा पोर हाय. याची आय न् मी एका बांधावर लावणी करायचो. बघा, सायेब झाला.” तिच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. माणसं माझ्याकडे कौतुकानं बघत होती. तिला सगळ्यांसमोर झाकण उघडायला लावणं माझ्यानं झालं नाही. मी विचारलंही नाही. कागदावर ‘११.२०’ लिहिलं, सही केली आणि बाईला आत घेतलं.

सरांनी औषध सांगितलं, सिस्टरांनी दिलं. बाई घरची वाट सांगता सांगता नाल्यापर्यंत पोचली, मग थांबली. सरांनी गळू फोडलं. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “डोकं खाली!” मशीन तेव्हा शांत होतं. मी टेबल खाली केलं. त्यांनी बाईला एका हातानं कुशीवर वळवलं, दुसऱ्या हातानं सक्शनची नळी तोंडात घातली. नळीतून राखाडी आंबील आली. मग मशीन ओरडलं. मग बराच वेळ ते ओरडतच होतं.

बाई वाचली. संध्याकाळच्या आत तिला नाशिकला हलवलं, छातीत थोडं गेलं होतं, आठ दिवस राहिली आणि घरी गेली. सासूनं कुणी न विचारताच सांगितलं, “दोन वाट्या पाजल्या मी. किती वेळ बसली होती बिचारी.” कधी पाजल्या? वीज गेल्यावर. म्हणजे आठनंतर आणि अकरा वीसच्या आधी.

संस्थेचे दोन सदस्य चौकशीला आले. चांगले लोक होते. त्यांना पहिला प्रश्न पडला, भूल कुणी दिली? सर म्हणाले, मी. कागदापुरतं ते खरंच होतं. दुसरा प्रश्न, पेशंटच्या डोक्याशी कोण होतं? सरांनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, “सिस्टरांचं नाव नको. नर्सच्या हातून दिलं म्हटलं की त्यांना नियमात धरतील. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत त्यांच्या.” मी माझ्या जबाबात लिहिलं: भूल सरांनी दिली, सिस्टर थिएटरमध्ये हजर होत्या.

क्लार्कनं जबाब टाइप करून सह्यांसाठी टेबलावर ठेवले. सिस्टरांनी सरांचा वाचला, माझा वाचला. चष्मा काढला.

“मी कुठाय यात?”

सर म्हणाले, “आहात की. हजर होत्या म्हटलंय.”

“हजर तर भिंत पण होती.”

“सिस्टर, तुमच्या भल्यासाठीच.”

“मला कळतं, सर. तुम्ही भला माणूस. पण एवढी वर्षं सगळं चांगलं झालं तेव्हा मी कागदावर नव्हते. आज बिघडलं, आजही नाही. मग मी होते कधी?”

त्या माझ्याकडे वळल्या. “आणि तू रे? तुला पण माझी दया आली का?”

मी मान खाली घातली. त्यांनी ते होकारासारखं घेतलं.

“दारात विचारलं होतंस ना?”

“हो, सिस्टर.”

“डबा बघितलास?”

“हो.”

“मग म्हातारीनं लपवलं असेल. जाऊ दे.” त्यांनी कोरा कागद घेतला आणि उभ्यानंच लिहिलं. शब्द मला पाठ आहेत. “पेशंटच्या उशाशी मी होते. औषध डॉक्टरांच्या समोर, त्यांच्या सांगण्यावरून मी दिले. दारातली विचारपूस ब्रदरवर सोडली, स्वतः खात्री केली नाही. ती मी करायला हवी होती.”

सदस्यांनी त्यांना आत बोलावून विचारलं, हे मागे घ्यायचं आहे का. त्या नाही म्हणाल्या. महिनाभरानं त्यांची बदली ड्रेसिंगच्या खोलीत झाली. शिक्षा म्हणून नाही, असं पत्रात लिहिलं होतं. त्याच पत्रानं कागदावर एक नवी ओळ आली: ‘उशाशी साहाय्यक परिचारिका, नाव व सही.’ ती ओळ आली त्या दिवशी तिथे सही करायला सिस्टर नव्हत्या. पहिली सही माझी आहे.

ड्रेसिंगच्या खोलीत त्यांनी दोन वर्षं काढली. तिथे त्यांच्याकडे रांग लागे, कारण त्या पट्टी न दुखवता सोडवत. थिएटरकडे त्या फिरकल्या नाहीत. मी काही विचारायला गेलो तर सांगत, हातचं राखून नाही, पण काम करता करता. एकदा म्हणाल्या, “तुझं चांगलं चाललंय असं ऐकते. विचारतोस ना दारात?” मी म्हटलं, विचारतो. तोवर ते खरं झालं होतं. त्या दिवसापासून मी एकही डबा सोडलेला नाही, पाड्यातल्यांचाही नाही, सख्ख्या मावशीचाही नाही.

त्या निवृत्त होऊन मोखाड्याला बहिणीकडे राहतात. फोन वापरत नाहीत. गेल्या महिन्यात संघटनेचं पत्र आलं. भूल देताना मदत करणाऱ्या परिचारिकांचं प्रशिक्षण, नेमणूक आणि कागदावर नोंद, यावर जिल्ह्याची एक समिती बसणार आहे. परिचारिकांच्या बाजूनं बोलायला मला निवडलं आहे. आमच्या दवाखान्यातली ती ओळ आणि दारातली विचारपूस नमुना म्हणून मांडायची आहे. संघटनेच्या सभेत नाव जाहीर झालं, टाळ्या झाल्या, मी उभा राहिलो. घरी आईनं शेजारी साखर वाटली. त्यानंतर मी चार वेळा पत्र लिहायला बसलो. पाचव्यांदा लिहिलं ते मोखाड्याला जाणाऱ्या आमच्या लॅब टेक्निशियनच्या हाती पाठवलं. त्याची नक्कल खाली देतो.

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

पत्र देणाऱ्याला थांबवून घेऊ नका. उत्तर त्याच्याच हाती द्यावं असं काही नाही.

गळू झालेल्या त्या बाईच्या दिवशी मी दारात विचारलं नव्हतं. डबा बघितला नव्हता. ११.२० ही वेळ मी न विचारता लिहिली. म्हातारीनं काही लपवलं नाही. विचारलं असतं तर तिनं लगेच सांगितलं असतं. ती ओळखीची होती, मला साहेब म्हणत होती, म्हणून मी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. माझ्या जबाबात मी तुमचं नाव टाळलं ते दया येऊन नाही. उशाशी कुणी होतं असं निघालं असतं, तर त्यांना पोट रिकामं आहे हे कुणी सांगितलं, हा पुढचा प्रश्न आला असता. उशाशी कुणीच नाही म्हटलं की मलाही कुणी विचारणार नव्हतं. सरांनी सांगितलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही कागदावर आलात आणि माझी चूक स्वतःच्या नावावर घेतलीत. मी समोर उभा होतो आणि बोललो नाही. तुम्हाला थिएटर सोडावं लागलं ते यामुळे.

संस्थेला हे सगळं काल लेखी दिलं आहे. संघटनेलाही कळवलं आहे. समितीपुढे मला पाठवायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. सोमवारी संस्थेनं बोलावलं आहे. जुना कागद पुन्हा काढतील. क्लार्क म्हणत होता की आता तुमचा जबाब रद्द करून तुमचं नाव काढून टाकता येईल, म्हणजे तुमच्यावर काही राहणार नाही.

मी त्यांना सांगणार आहे की तुमचं नाव काढू नका. पहिली दोन वाक्यं खरी आहेत, ती तशीच ठेवा. पुढच्या दोन वाक्यांच्या जागी माझं नाव लिहा.

तुम्हाला हे चालत नसेल तर सोमवारच्या आत निरोप द्या. निरोप मिळाला की सकाळच्या पहिल्या गाडीनं मी मोखाड्याला येईन आणि तुम्ही सांगाल ते लिहून घेईन.

आपला,
ब्रदर